अरुंद होडी आणि उलटा प्रवाह

सर्फस्की ही समुद्रात चालणाऱ्या अगदी अरुंद होड्यांपैकी एक. लांबी ६ मीटरच्या आसपास आणि रुंदी जेमतेम ४५ सेंटिमीटर, म्हणजे बसणाऱ्याच्या कमरेपुरतीच. वल्हवणारा होडीच्या पोटात नव्हे, तर वरच्या खोलगट जागेत बसतो. त्यामुळे लाट अंगावरून गेली तरी होडी पाण्याने भरून बुडत नाही.

या होडीची सुरुवात साधीच होती. १९१२च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील पोर्ट मॅक्वारी येथे मॅकलॅरन बंधू कालवांच्या शेतीवर ये-जा करण्यासाठी सपाट फळीसारखी होडी वापरत आणि हातातल्या दोन छोट्या पात्यांनी ती वल्हवत. पुढे १९३३ मध्ये सिडनीजवळच्या मॅनली येथील डॉ. क्रॅकनथॉर्प यांनी सर्फस्कीचे पेटंट नोंदवले. फुटणाऱ्या लाटा ओलांडून बुडणाऱ्या माणसापर्यंत पोहोचायला ही होडी उपयोगी पडते, हे किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांनी ओळखले. नंतर शर्यती सुरू झाल्या तशी होडी लांब आणि निमुळती होत गेली. अरुंद होडी पाण्यात कमी लाटा उठवते, म्हणून तिला विरोध कमी होतो. त्याची किंमत मात्र मोजावी लागते, कारण तिचा तोल सहज जातो. वल्ह्याचा प्रत्येक फटका होडीला पुढे नेतो आणि तोलही सावरतो.

खवळलेल्या समुद्रात अशी होडी टिकते कशी? उत्तर लाटेच्या वेगात आहे. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या आवर्तकाळावर ठरतो. आवर्तकाळ सेकंदांत घेऊन त्याला १.५६ ने गुणले की वेग मीटर प्रति सेकंद मिळतो. ८ सेकंदांची लाट ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेगाने धावते आणि तिची लांबी १०० मीटर असते. तिला गाठणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. पण ४ सेकंदांची लाट ताशी सुमारे २२ किलोमीटरनेच जाते. वल्हवणारा जोर लावून तिच्या उतारावर होडी घालतो, काही क्षण तिच्याबरोबर घसरतो आणि तेवढ्यात पुढची लाट हेरतो. वाऱ्याने लाटेत साठवलेली ऊर्जा तो अशी उसनी घेत जातो.

१९७२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथ ते ईस्ट लंडन (ही त्या वेळची नावे) अशी सुमारे २५० किलोमीटरची सर्फस्की शर्यत सुरू झाली. नैर्ऋत्येचा वारा पाठीशी घेऊन ईशान्येकडे जायचे. पण याच किनाऱ्यालगत अगुल्हास प्रवाह बरोबर उलट दिशेने वाहतो. त्याचा वेग सेकंदाला २ मीटरपर्यंत जातो. अशा प्रवाहात लाट शिरली की काय होते?

लाटेचा आवर्तकाळ बदलत नाही. ठरावीक वेळात जेवढ्या लाटा येतात, तेवढ्याच पुढे जायला हव्यात. प्रवाह त्यांना मागे रेटतो, म्हणून त्या एकमेकींच्या जवळ येतात. गणित केले तर वरची १०० मीटर लांबीची लाट २ मीटर प्रति सेकंद प्रवाहाविरुद्ध ६४ मीटरची होते, आणि तिची उंची सुमारे १.६ पट वाढते. म्हणजे उतार अडीचपट तीव्र होतो! ४ सेकंदांच्या लाटेला तर पुढे जाताच येत नाही. प्रवाहाचा वेग लाटेच्या मूळ वेगाच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त झाला की लाट अडते आणि फुटते. ज्या लाटेवर स्वार व्हायचे, तीच अशी आडवी येते.

ही केवळ कागदावरची गोष्ट नाही. जुलै १९०९ मध्ये ‘वाराताह’ हे जहाज डर्बनहून केपटाऊनकडे जाताना २११ माणसांसह नाहीसे झाले. ते कशामुळे बुडाले हे कोणी सिद्ध केलेले नाही, पण याच किनाऱ्यावर इतरही जहाजांना अचानक उठलेल्या प्रचंड लाटांनी तडाखे दिले. १९७४ मध्ये मॅलरी यांनी अशा घटना एकत्र अभ्यासल्या. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटा आणि समोरून येणारा अगुल्हास, ही जोडी त्यांत पुन्हा पुन्हा दिसली. प्रवाहाचा जोर उथळ खंडमंचाच्या कडेजवळ सर्वाधिक असतो. म्हणून वादळी नैर्ऋत्य वाऱ्यात जहाजांनी २०० मीटर खोलीच्या रेषेच्या आत, किनाऱ्याकडे सरकावे, असा सल्ला दिला जातो. कित्येक टनांच्या जहाजाला आणि काही किलोंच्या सर्फस्कीला इथे नियम एकच लागू होतो.

हा नियम आपल्या कोकणातही पाहायला मिळतो. खाडीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी जोराने बाहेर पडत असताना समुद्राकडून लाटा आल्या, तर त्या तिथेच उभ्या राहून फुटतात. भरतीच्या वेळी, तेवढाच वारा असला तरी, त्या सौम्य वाटतात. विद्यार्थ्यांना सुरक्षित उंचीवरून हा फरक दाखवावा. एका ठिकाणी १० लाटा यायला लागणारा वेळ घड्याळाने मोजून आवर्तकाळ काढायला सांगावा, आणि लाटांमधले अंतर दोन्ही वेळा अजमावायला सांगावे. वारा शांत म्हणून समुद्र शांत, असे मानणे किती धोक्याचे आहे, ते त्यांना या नोंदींतून आपोआप उमजेल.