नदीपलीकडचे शेजार

आफ्रिकेच्या नकाशात पश्चिमेच्या कडेला पाहा. तेथे मॉरिटानिया हा देश आपणास सापडेल. बहुतेक मुलूख सहारा वाळवंटाचा. दक्षिण सीमेवरून मात्र सेनेगल नदी वाहते. पूर ओसरला की तिच्या गाळात लोक ज्वारी पेरतात. फुलानी, सोनिंके, वोलोफ अशा कृष्णवर्णी जमाती या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहत आल्या.

२८ नोव्हेंबर १९६० रोजी फ्रेंचांचा अंमल गेला. सत्ता मुख्यतः अरबी बोलणाऱ्या मूर लोकांच्या हाती आली. पुढे १९८३ चा जमीन कायदा आला, नदीवर धरणे झाली, आणि या गाळवट रानावर अनेकांची नजर गेली. एप्रिल १९८९ मध्ये सीमेवर गुराखी व शेतकरी यांचे भांडण पेटले. दोन्ही देशांत दंगली उसळल्या. ती संधी साधून सरकारने आपल्याच हजारो कृष्णवर्णी नागरिकांना नदीपार हाकलले. गुरे गेली, शेत गेले, ओळखपत्रही हिसकावले. एकट्या सेनेगलात सुमारे ६०,००० निर्वासित झाले. पुष्कळांची छावणी नदीला लागूनच होती. समोर आपला मुलूख, पण तेथे जायची सोय नाही!

मग काहींनी दूरची वाट धरली. कोणी फ्रान्सला गेले, कोणी न्यूयॉर्कला. न्यूयॉर्कचे घरभाडे परवडेना, म्हणून बरेच जण ओहायो राज्यातील कोलंबस शहरी आले. तेथे घरे स्वस्त, गोदामांतून कामही मिळे. एकाने दुसऱ्याला बोलावले, आणि काही हजारांची वस्ती उभी राहिली. कोणी वारले की वर्गणी काढायची, नव्याने आलेल्याला घरात ठेवून घ्यायचे, मुलांशी पुलार भाषेत बोलायचे, असे हे शेजार.

पण एवढ्याने भागते का? नाही. २०१८ साली अमेरिकेने यांतल्या डझनावारी लोकांना पकडून मॉरिटानियाला परत धाडले. ज्या देशाने कागद हिसकावला, त्याच्याच दारी! इकडे सेनेगलातून २००८ ते २०१२ या काळात सुमारे २४,००० निर्वासित स्वदेशी परतले खरे. परंतु अनेकांना आपली जमीन मिळाली नाही, कित्येकांना ओळखपत्रासाठी खेटे घालावे लागले.

शिक्षकबंधूंनो, नागरिकत्वाचा धडा शिकवताना ही हकिकत मुलांना अवश्य सांगा. वर्गणी, आसरा, मायबोली हे सारे शेजारी एकमेकांना देऊ शकले. नागरिकत्वाचा हक्क मात्र राज्यानेच द्यायचा असतो. तो नसला, तर वीस वर्षे जपलेल्या घराचे दारही एखाद्या पहाटे ठोठावले जाते.