दिवा मंद होतो तेव्हा

शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की घरातला दिवा क्षणभर मंद व्हायचा, हे गावात वाढलेल्यांना आठवत असेल. गिरणी दिसत नसे. दळण सुरू झाल्याचे दिवाच सांगायचा. चिपमधली गुपिते फुटण्याचा इतिहास हा या दिव्याचाच इतिहास आहे.

१९४३ साली बेल कंपनीच्या एका अभियंत्याला अमेरिकन सैन्यासाठी केलेल्या सांकेतिक संदेशयंत्राबाबत एक विचित्र गोष्ट दिसली. यंत्राने एकेक पाऊल टाकले की प्रयोगशाळेच्या दूरच्या कोपऱ्यातल्या ऑसिलोस्कोपवर टोक उमटे. सैन्याचा विश्वास बसेना. तेव्हा बेलची माणसे न्यूयॉर्कच्या व्हॅरिक स्ट्रीटवर, सैन्याच्या संदेशकेंद्रासमोर सुमारे ८० फुटांवर जाऊन बसली. तासाभराची नोंद घेऊन काही तासांतच त्यांनी सुमारे ७५ टक्के मजकूर वाचून दाखवला. गणित अभेद्य होते, यंत्र बोलके होते.

१९९९मध्ये पॉल कोचर, जोशुआ जॅफी आणि बेंजामिन जन यांनी हेच सूत्र चिपवर आणले. स्मार्टकार्ड किती वीज ओढते याच्या असंख्य नोंदी घेऊन, त्यांच्या सरासरीतल्या बारीक फरकांवरून त्यांनी गुप्त किल्ली शोधली. मात्र त्यासाठी कार्ड हातात हवे, त्याला मोजयंत्र जोडायला हवे. या अटीवर पुढची कित्येक वर्षे सगळे निर्धास्त राहिले.

ही अट मोडली ती एफपीजीएने. कारखान्यातून बाहेर पडल्यावरही जिची अंतर्गत जोडणी हवी तशी बदलता येते, अशी ही चिप. झायलिंक्सने १९८५मध्ये पहिली विकली तेव्हा तिच्यात जेमतेम ६४ तर्कखंड होते. पुढे ती इतकी मोठी झाली की एकाच चिपचे भाग वेगवेगळ्या भाडेकरूंना देण्याची कल्पना निघाली. भाडेकरूंमध्ये भिंत उभी करता येते. वीजपुरवठा मात्र सामाईकच राहतो.

आता दिवा कोणता, ते पाहू. व्होल्टेज उतरले की सर्किटमधला संकेत किंचित मंदावतो. म्हणून छोट्या घटकांची लांब साखळी करायची आणि ठरलेल्या वेळात संकेत कुठवर पोहोचला ते मोजायचे. झाला व्होल्टमीटर! वेगळे उपकरण नको, चिपची साधी जोडणी पुरते. २०१३मध्ये केनेथ झिक आणि सहकाऱ्यांनी असे संवेदक मांडले ते नॅनोसेकंदांत घडणारे व्होल्टेजचे हल्ले आणि नैसर्गिक चढउतार टिपण्यासाठी. म्हणजे ही राखणदारी होती.

पाच वर्षांत राखणदार फितूर झाला. २०१८मध्ये बोखुम आणि कार्ल्सरूहच्या संशोधकांनी असाच संवेदक वापरून, त्याच चिपवर शेजारी चालणाऱ्या एईएसची किल्ली काढली. त्याच वर्षी कॉर्नेलच्या मार्क झाओ आणि एडवर्ड सू यांनी आरएसएवर तसेच केले. चिपला कुणी हातही लावला नव्हता.

उपाय म्हणून भाड्याने चिप देणाऱ्यांनी स्वतःभोवती फिरणाऱ्या सर्किटांवर, म्हणजे कडी-आंदोलकांवर, बंदी घातली. मला ही बंदी अपुरी वाटते. वर सांगितलेल्या साखळीत कडी मुळी नसतेच. ती बेरीज करणाऱ्या सर्किटातल्या हातच्याच्या वाटेनेच बांधतात. पुढे तर साधे बेरजेचे सर्किटच मर्यादेपेक्षा वेगाने चालवून संवेदक म्हणून वापरता येते, हेही दिसले. भाडेकरूचा आराखडा तपासणाऱ्याला त्यात बेरजेपलीकडे काहीच आढळत नाही.