कुटुंबाचें कपाट

नागपुराहून भंडाऱ्याच्या रस्त्यानें पूर्वेस निघालें म्हणजे कन्हान नदीच्या कांठीं मौदा हें तालुक्याचें गांव लागतें. तेथील एका स्नेह्यांनीं मध्यंतरीं आम्हांस पत्रानें विचारलें कीं, मन, तत्त्वज्ञान, आरोग्य आणि संसार या विषयांवर घरांतील सासऱ्यापासून सुनेपर्यंत सर्वांनीं वाचावीं अशीं चार-पांच मराठी पुस्तकें कोणतीं? प्रश्न दिसावयास सोपा. परंतु यादी करूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, ‘सर्वांनीं’ या एका शब्दापाशींच आपला गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास अडखळतो.

सुशिक्षित मराठी घरांत पुस्तकें होतीं, पण कपाट एक नव्हतें. तत्त्वज्ञान बैठकींत, पाकशास्त्र माजघरांत, आणि शरीराविषयींचें पुस्तक असलेंच तर तें कुलपांत, अशी वांटणी असे.

बैठकीच्या कपाटांत मानाचें स्थान ‘गीतारहस्या’चें. लोकमान्य टिळकांनीं तें मंडालेच्या तुरुंगांत १९१०-११ च्या हिंवाळ्यांत लिहिलें व १९१५ सालीं तें प्रसिद्ध झालें. पाश्चात्त्य तत्त्वज्ञांचीं मतें गीतेच्या शेजारीं मांडून, ज्ञान झाल्यावरही कर्म सोडूं नये, हा सिद्धांत त्यांनीं त्यांत प्रतिपादिला. म्हणजे हा ग्रंथ संन्याशापेक्षां संसारी मनुष्याचाच. तरी संसाराचें निम्में ओझें वाहणाऱ्या गृहिणीच्या हातीं तो किती घरांत पडला, याचें उत्तर ज्यानें त्यानें आपल्या आजीस आठवून द्यावें. तिच्यासाठीं लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र’ होतें. त्यांतील पाकक्रिया उत्तम. परंतु केवळ पाकक्रियांवर मनाची भूक भागत नाहीं.

या दोन दालनांमधील भिंतीस एक जोराचा धक्का विदर्भांतूनच बसला होता. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें लहानसें पुस्तक पुण्यास छापविलें. सुरतेच्या विजयालक्ष्मी नामक तरुण विधवेस स्वतःच्या अर्भकाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली, आणि त्या निमित्तानें वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर आग पाखडली गेली. तेव्हां ताराबाईंनीं रोखठोक विचारलें कीं, जे दोष स्त्रियांच्या माथीं मारले जातात ते पुरुषांत नाहींत काय? जोतीराव फुले यांनीं त्यांची बाजू घेतली. तथापि पुस्तक विस्मृतींत गेलें, आणि स. गं. मालशे यांनीं १९७५ सालीं तें पुनः प्रकाशांत आणलें. मधल्या ब्याण्णव-त्र्याण्णव वर्षांत कितीएक सुना तीच तक्रार मनांतल्या मनांत घोळवीत राहिल्या. ती आपल्या आधीं कोणी छापून ठेविली आहे, हें त्यांस ठाऊकच नव्हतें.

कुलपांतल्या पुस्तकांची कथा याहून कडू आहे. र. धों. कर्वे हे मुंबईच्या विल्सन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक. १९२१ सालीं त्यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें, १९२३ सालीं त्या विषयावर पुस्तक लिहिलें, आणि या कार्यापायीं प्राध्यापकी सोडली. १९२७ च्या जुलैंत सुरू केलेलें ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनीं १९५३ सालीं देह ठेवीपर्यंत चालविलें. अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरावा लागला. १९३४ च्या खटल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या वतीनें उभे राहिले, तरी निकाल विरुद्ध गेला. पुढें १९५२ सालीं स्वतंत्र भारताच्या सरकारनेंच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हातीं घेतला! वारंवारच्या बाळंतपणांनीं खंगून गेलेल्या गृहिणींची आठवण ज्या घरांत अद्यापि निघते, त्या घरांस या विलंबाची किंमत वेगळी सांगावयास नको. कर्व्यांची वैद्यकीय माहिती आतां अर्थात् जुनी झाली. ती आजच्या डॉक्टरांकडूनच घ्यावी. परंतु शरीराविषयीं लाज न बाळगतां विचारावें, ही त्यांची वृत्ति जुनी झालेली नाहीं.

राहतां राहिलें मन. या विषयावर शास्त्रीय ग्रंथ पुष्कळ मिळतील. पण घरांतील सर्वांस समजेल असें मानसशास्त्र आम्हांस लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त सांपडतें. तीं १९३४ पासून भागाभागांनीं निघालीं. रीतसर शिक्षण न झालेली ही बाई. तिचें बिऱ्हाड कांहीं काळ नागपुरांतही होतें. १८९५ सालीं पतीनें ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर उभयतांचा कांहीं वर्षें वियोग झाला. तो राग, तें प्रेम, स्वतःच्या मनांतील सोंवळ्याओंवळ्याचा पीळ हळूहळू सुटत जाणें, हें सर्व तिनें स्वतःस हंसत हंसत सांगितलें आहे. आपल्या मनाकडे असें पाहतां येणें हेंच या शास्त्राचें पहिलें फळ नव्हे काय?

स्नेह्यांस आम्ही ‘गीतारहस्य’, ‘स्त्रीपुरुषतुलना’, ‘स्मृतिचित्रें’ आणि कर्व्यांचे निवडक लेख, इतकीच यादी कळविली. सोबत एक विनंतीही केली. ‘गीतारहस्य’ प्रथम सुनेच्या हातीं द्यावें, ताराबाईंचें पुस्तक प्रथम स्वतः वाचावें, आणि कर्वे मुलगा व सून यांनीं मिळून वाचावे. पुस्तकें हीं, पण हात बदलले म्हणजे घरांतील बोलणें बदलतें. आणि कौटुंबिक ग्रंथांची खरी परीक्षा तें बोलणेंच होय, असें आम्हांस वाटतें.