मोडीतून दिवाणखान्याकडे

माळ्यावरचे पितळी घंगाळ, गोठ्यातील खुंटीवर टांगलेल्या घुंगुरमाळा, धान्य मोजण्याची पायली, काच फुटलेला कंदील. स्टील, प्लास्टिक, वीज आणि ट्रॅक्टर आल्यानंतर या वस्तूंचे घरातील काम संपले. पुढचा त्यांचा प्रवास ठरलेला असतो. घरातून भंगारवाल्याकडे, तेथून वजनकाट्यावर आणि अखेरीस भट्टीत. भट्टीतून पितळ परत मिळते. पण कारागिराच्या हातोडीचे ठोके, भांड्याचा घाट आणि कडेवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले मालकाचे नाव परत मिळत नाही.

अलीकडे शहरी घरांत जुन्या वस्तूंपासून हस्तनिर्मित सजावट करण्याची आवड वाढली आहे. त्यामुळे काही वस्तू भट्टीपासून वाचतात, ही समाधानाची बाब होय. मात्र उत्साहाच्या भरात त्या कापल्या, घासल्या आणि रंगवल्या गेल्या, तर भट्टीत न जाताही त्या नष्टच होतात. म्हणून या छंदाचा एक साधा नियम मानावा. वस्तूत केलेला बदल उद्या काढून टाकता आला पाहिजे.

घाटावर आणि घाटाखाली

विदर्भाच्या पश्चिम टोकावरील बुलडाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे जिल्ह्याचे ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असे दोन भाग पडतात. बाजारात येणाऱ्या जुन्या वस्तूंवरही या भेदाची छाया दिसते.

घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात काळी, कापसाची जमीन आहे. खामगाव ही कापसाची जुनी बाजारपेठ. जलंबपासून खामगावपर्यंतची रेल्वेची शाखा १८७० मध्ये याच व्यापारासाठी सुरू झाली. कापसाच्या व्यापाराबरोबर वजनकाटे, तराजू, लोखंडी वजने, पेढ्यांवरच्या बैठ्या पेट्या आणि जिनिंग-प्रेसिंगच्या यंत्रांचे सुटे भाग आले. दाते असलेली लोखंडी चाके आणि कप्प्या आज भंगारात निघतात. चांदीच्या व्यापारामुळे ‘रजतनगरी’ म्हणूनही खामगाव ओळखले जाते. जुने तोडे, वाळे, गोठ आणि करदोडे मोडीत घालून नवा दागिना घेण्याची रीत सर्वत्र आहे. त्यात हाताने घडवलेले कितीतरी नमुने वितळून गेले.

घाटावर सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, मेहकर, लोणार ही जुनी गावे आहेत. येथील वाडे आणि धाब्याची घरे पाडून सिमेंटची घरे उभी राहिली, की सागवानी खांब, तुळया, चौकटी, कोरीव दारे, फडताळे आणि लोखंडी कड्या-कोयंडे बाहेर पडतात. शेतीची अवजारे मात्र दोन्ही भागांत सारखीच सापडतात. बैलबंडीची चाके, तिफणीचे चाडे, पोळ्याला बैलांच्या गळ्यात बांधायच्या घंटा आणि घुंगुरमाळा आठवडी बाजाराच्या कडेला किंवा भंगाराच्या दुकानात दिसतात. मुंबईचा चोर बाजार किंवा पुण्याचा जुना बाजार येथे याच जातीच्या वस्तू ‘अँटिक’ म्हणून मांडलेल्या असतात. तेथे त्यांची किंमत अर्थातच वजनावर ठरत नाही.

खरेदीपूर्वीची पारख

बाजारात जाताना खिशात एक लहान लोहचुंबक ठेवावे. तांबे, पितळ आणि कासे यांना लोहचुंबक चिकटत नाही. चिकटले, तर लोखंडावर पितळेचा मुलामा दिलेला आहे असे समजावे. तांबे आणि जस्त यांचे पितळ होते, तर तांबे आणि कथील यांचे कासे. काशाच्या वाटीवर बोटाने टिचकी मारली, की नाद बराच वेळ घुमतो. मात्र कासे ठिसूळ असते. त्यावर हातोडी मारू नये आणि त्याला भोकही पाडू नये.

वस्तूचे वय ठरवताना तिच्या कामाचा विचार करावा. भारतात मेट्रिक मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्यामुळे शेर-पायलीची सरकारी शिक्का असलेली मापे सामान्यतः त्यापूर्वीची असतात. भांड्यावर कोरलेले नाव, गाव किंवा साल असेल, तर ते प्रथम लिहून घ्यावे व त्याचे छायाचित्र काढून ठेवावे.

लाकडाच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. लाकडावर बारीक छिद्रे असतील आणि आपटल्यावर त्यांतून पिवळसर भुकटी पडत असेल, तर भुंगा अजून आत आहे. अशी वस्तू थेट घरात आणू नये. ती वेगळी ठेवून छिद्रांत कीडनाशक सोडावे आणि भुकटी पडणे थांबल्याची काही आठवडे खात्री करून घ्यावी. अन्यथा एका चौकटीपायी घरातील सारे लाकडी सामान धोक्यात येते.

साफसफाई किती करावी

सर्वाधिक नुकसान साफसफाईतच होते. चिंच, लिंबू-मीठ किंवा रांगोळी यांनी तांब्या-पितळेची भांडी लख्ख होतात. परंतु सजावटीच्या वस्तूला दर आठवड्याला असे घासले, तर कोरलेली अक्षरे हळूहळू पुसट होतात. प्रथम कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढ्यावरच थांबावे. धातूवर वर्षानुवर्षे चढलेली गडद छटा हा मळ नव्हे. ती काढायचीच असेल, तर एका कोपऱ्यात आधी करून पाहावे. यंत्रावर पॉलिश केल्याने नक्षीच्या कडा झिजतात आणि जुने भांडे नव्यासारखे सपाट दिसू लागते.

लोखंडावरील गंज तारेच्या ब्रशने काढून, वस्तू पूर्ण कोरडी करून तिच्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. हे तेल हवेत सुकून त्याचा थर बनतो. मात्र तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

जुन्या रंगात शिशाचे प्रमाण अधिक असण्याची शक्यता असते. घरगुती रंगांतील शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यामुळे जुन्या दाराचा किंवा पाळण्याचा रंग कोरडा घासून काढू नये. पाण्याने ओला करून, तोंडाला मुखपट्टी बांधून आणि लहान मुलांना दूर ठेवूनच हे काम करावे.

नवे काम, जुना घाट

वस्तूचा मूळ घाट आणि मूळ काम लक्षात घेतले, की तिच्यासाठी नवी जागा सहज सुचते.

घंगाळ : पाणी आणि फुलांच्या पाकळ्या हा परिचित उपयोग. पाणी मात्र आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून भांडे कोरडे करावे. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. रोप ठेवायचे असल्यास माती थेट तांब्या-पितळेत भरू नये. ओलावा आणि खतांतील क्षार यांनी धातू खराब होतो. कुंडी वेगळी ठेवून ती घंगाळात बसवावी.

मापे : निपटे, चिपटे, मापटे, शेर, अधोली आणि पायली यांतील प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. ही सहा मापे उंचीच्या क्रमाने फळीवर मांडली, तर निराळ्या सजावटीची गरज उरत नाही. आजी-आजोबांचा हिशेब मुलांना दाखवण्याचे ते उत्तम साधनही ठरते.

घंटा आणि घुंगुरमाळा : जुने चामडे किंवा सुती गोफ जीर्ण झाला असेल, तर घंटा नव्या सुती दोरीत ओवून दारावर तोरणासारख्या बांधाव्यात. काढलेला गोफ टाकून न देता जपून ठेवावा.

कंदील : आत एलईडी दिवा बसवावा, तो फारसा तापत नाही. धातूच्या सांगाड्याला अर्थिंग आवश्यक आहे, म्हणून तीन पिनांचाच प्लग वापरावा. वायर जेथून आत जाते तेथे रबरी कडे बसवावे, म्हणजे पत्र्याची धार वायर कापणार नाही. हे काम जाणत्या वायरमनकडून करून घेणे श्रेयस्कर.

बंडीचे चाक : चाक भिंतीला उभे टेकवून किंवा काचेखाली आडवे ठेवून टेबल करता येते. वजन मोठे असल्याने आधार पक्का हवा. आरे कापून चाक ‘हलके’ करण्याचा मोह टाळावा. लोखंडी धाव सैल झाली असल्यास ती गावातील लोहाराकडून बसवून घ्यावी.

चांदीचे जुने दागिने : खोल चौकटीत सुती कापडावर टाक्यांनी बसवावेत, गोंद लावू नये. रबर आणि लोकर यांतील गंधकामुळे चांदी काळवंडते, म्हणून हे पदार्थ जवळ नसावेत.

सजावटीसाठी लाख किंवा वार्निश लावलेले भांडे पुन्हा स्वयंपाकात वापरू नये. वापरायचेच असेल, तर लेप पूर्ण काढून नव्याने कल्हई करून घ्यावी. कल्हईवाले दुर्मीळ होत चालले आहेत. अशा कामातूनच त्यांचा व्यवसाय तग धरू शकतो.

जे भंगार नव्हे

जून २०२४ मध्ये सिंदखेड राजा येथे लखुजीराजे जाधवराव यांच्या समाधिस्थळी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे संवर्धनकार्य चालू असताना जमिनीखाली जुन्या मंदिराचा पाया आढळला आणि पुढे शेषशायी विष्णूचे शिल्प सापडले. ते सुमारे १.७ मीटर लांब आणि एक मीटर उंच आहे. मेहकरच्या शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणातील भव्य मूर्तीही १८८८ मध्ये जमिनीखालीच मिळाली होती. ज्या जिल्ह्याच्या मातीत असा ठेवा आहे, तेथे ‘जुना दगड’ विकत घेताना थबकले पाहिजे. नक्षीचा तुकडा, वीरगळ किंवा भंगलेली मूर्ती बागेत शोभून दिसेल. पण जागेवरून उचलताच तिचा इतिहास तुटतो.

कायदाही स्पष्ट आहे. पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला आणि ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. किमान शंभर वर्षे जुनी कलावस्तू, शिल्प किंवा नाणे हे त्यानुसार पुरावशेष ठरू शकते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. शिल्पे, चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते अशा अधिसूचित प्रकारांची नोंदणी बंधनकारक आहे. पुरावशेषांच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातील नातलगांना ‘गावाकडची आठवण’ म्हणून जुनी मूर्ती पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. शेतात किंवा घराचा पाया खोदताना दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

नावासह जपणूक

घरगुती वस्तूंचे मोल किती असू शकते, याचे उदाहरण पुण्यात आहे. दिनकर गंगाधर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, पानदाने, कुलुपे, दारे आणि स्वयंपाकघरातील भांडी आयुष्यभर गोळा केली. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे राहिले आणि १९७५ मध्ये त्यांनी संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. सुमारे वीस हजार वस्तूंच्या या संग्रहातील कितीतरी वस्तू एकेकाळी सामान्य घरातीलच होत्या.

प्रत्येक घराचे संग्रहालय होणार नाही आणि व्हावे असेही नाही. परंतु एक गोष्ट प्रत्येकाला करता येते. वस्तूच्या तळाशी सुती दोऱ्याने एक चिठ्ठी बांधावी. वस्तूचे तिच्या गावात रूढ असलेले नाव, ती कोणत्या कामाची, कोणत्या गावाहून व कोणत्या साली आली आणि तिच्यात काय बदल केला, एवढे त्यावर लिहावे. विकणाऱ्या वृद्ध माणसाला ही माहिती बहुधा असते. विचारण्यास दोन मिनिटे पुरतात. चाडे म्हणजे काय, अधोली कशाला म्हणत, हे सांगणारी पिढी सरत आहे. वस्तू दिवाणखान्यात राहिली आणि तिचे नाव हरवले, तर उरतो तो केवळ शोभेचा धातू. चिठ्ठीसह जपलेली पायली मात्र पुढच्या पिढीच्या हाती पायली म्हणूनच पोहोचेल.