टीडीएस शून्य म्हणजे पाणी शुद्ध? ईडीआय तंत्रज्ञान समजून घेऊया

लालबागला आमच्या घरी टीडीएस मीटर आहे. आकडा कमी आला की पाणी चांगलं, एवढंच मला माहीत होतं. मग बाबांचं डायलिसिस परळला सुरू झालं. मिनिटाला ५०० मिली धरलं, तर चार तासांत १२० लिटर पाणी लागतं. बाबांचं रक्त आणि हे पाणी यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. बाहेर बाकड्यावर बसून मी वाचायला लागलो: आरओच्या पुढे पाणी आणखी शुद्ध कसं करतात? उत्तर मिळालं, इलेक्ट्रोडीआयोनायझेशन, म्हणजेच ईडीआय.

जुनी पद्धत

आरओमधून बहुतेक क्षार निघून जातात, पण थोडे आयन उरतातच. ते काढायला रेझिनचे बारीक मणी वापरतात. मणी सोडियम पकडून हायड्रोजन आयन सोडतात, क्लोराइड पकडून हायड्रॉक्साइड सोडतात. हे दोघे जोडले की पाणीच तयार होतं. पण मणी भरले की प्लांट थांबवून ते आम्ल आणि कॉस्टिक सोड्यानं धुवावे लागतात.

ईडीआय काय करतं?

इथे तेच मणी दोन पडद्यांच्या मध्ये भरतात. एक पडदा फक्त धन आयन जाऊ देतो, दुसरा फक्त ऋण. दोन्ही टोकांना डीसी वीज लावली की सोडियम एका बाजूला, क्लोराइड दुसऱ्या बाजूला ओढलं जातं आणि शेजारच्या कप्प्यात जाऊन अडकतं. तिथून ते वेगळ्या पाण्याबरोबर बाहेर पडतं. त्याच विजेनं थोडं पाणीही फुटतं आणि त्यातले हायड्रोजन, हायड्रॉक्साइड आयन मण्यांना ताजं ठेवतात. फोन चार्जिंगला लावून वापरतो ना, तसंच. ना आम्ल, ना थांबणं.

१९८७ च्या सुमारास हे तंत्रज्ञान बाजारात आलं. आज औषधनिर्मिती, चिप कारखाने आणि वीजकेंद्रांचे बॉयलर यांसाठी ते वापरतात. मात्र आधी आरओ हवाच, नाहीतर कॅल्शियमचा थर बसून मॉड्यूल खराब होतं. डायलिसिसला बहुतेक ठिकाणी आरओ पुरतो, ईडीआय ही त्यापुढची पायरी.

मीटरला न दिसणारं

अगदी शुद्ध पाण्याची वाहकता २५ अंशांना ०.०५५ मायक्रोसिमेन्स प्रति सेंमी असते. घरच्या मीटरवरचा १ पीपीएम म्हणजे साधारण २ मायक्रोसिमेन्स. म्हणून आरओचं उत्तम पाणी आणि ईडीआयचं पाणी, दोन्ही त्याला शून्यच वाटतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मीटरला फक्त आयन कळतात. ईडीआयचा भरही आयनांवरच असतो. जंतू आणि सेंद्रिय विष ही वेगळी लढाई आहे. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात डायलिसिसच्या पाण्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष आलं आणि ५० हून अधिक रुग्ण दगावले. असलं विष टीडीएस मीटरवर दिसत नाही. म्हणूनच डायलिसिसच्या पाण्याला कार्बन फिल्टर लागतो आणि क्लोरीन, जिवाणू, एंडोटॉक्सिन यांच्या वेगळ्या चाचण्या लागतात.

तुमच्या घरी कुणाचं डायलिसिस चालू असेल, तर सेंटरवर "टीडीएस किती?" एवढ्यावर थांबू नका. "आज क्लोरीन तपासलं का? जिवाणूंचा रिपोर्ट कधीचा आहे?" हेही विचारा. मी आता दर वेळी विचारतो.