गव्हाची व्होडका

गव्हाची व्होडका : गव्हातील पिष्टाची साखर करून, ती आंबवून व ऊर्ध्वपातनाने जवळजवळ गंधहीन करून तयार होणारे मद्य. या प्रकारातील सर्वाधिक परिचित नाममुद्रा स्वीडनची ‘अ‍ॅब्सोलूट’. फ्रान्सची ‘ग्रे गूज’ (१९९७) तिच्या नंतरची आणि अधिक महाग.

अ‍ॅब्सोलूट दक्षिण स्वीडनमधील ओहूस गावी बनते. लार्स ओल्सन स्मिथ या मद्यव्यापाऱ्याने १८७९ मध्ये सलग ऊर्ध्वपातनाची पद्धत वापरून तिचे मूळ रूप विकायला काढले. पुढे हा धंदा सरकारी मक्तेदारीत गेला. १९७९ मध्ये सरकारी कंपनीने ती अमेरिकेत उतरवली. आखूड मानेची बाटली जुन्या औषधाच्या बाटलीवरून घेतली आणि कागदी लेबल न लावता अक्षरे थेट काचेवर छापली. या व्होडकाचे यश गव्हापेक्षा या बाटलीचे आणि तिच्या जाहिरातींचे अधिक, असे म्हणायला हरकत नाही. चित्रकार अँडी वॉरहॉलनेही ती बाटली रंगवली. २००८ पासून ही व्होडका पेर्नो रिकार या फ्रेंच कंपनीकडे आहे.

शरदात पेरलेला गहू दळून पाण्यात शिजवतात. विकरांमुळे पिष्टाची साखर होते, यीस्टमुळे साखरेचा मद्यार्क. आंबलेले हे पातळ मिश्रण उंच स्तंभांतून पुन्हा पुन्हा गेले की मद्यार्काचे प्रमाण ९६ टक्क्यांच्या आसपास पोहोचते. मग पाणी घालून ते ४० टक्क्यांवर आणतात. एका लिटरच्या बाटलीला किलोपेक्षा जास्त गहू लागतो. उरलेला चोथा गुरांच्या व डुकरांच्या खाद्यात जातो. जाणकारांना या व्होडकात पावाची हलकी चव लागते. लिंबू आणि सोडा पडल्यावर ती ओळखून दाखवणे मात्र कठीण.

भारतात ‘विदेशी’ म्हणवणारे बरेचसे मद्य धान्याऐवजी उसाच्या मळीच्या मद्यार्कापासून बनत आले. त्याची प्रचलित तीव्रता ४२.८ टक्के. महाराष्ट्र सरकारने २००७ मध्ये ज्वारी, बाजरी, मका यांपासून मद्यार्क काढणाऱ्या आसवन्यांना लिटरमागे १० रुपये अनुदान देऊ केले, तेव्हा खायचे धान्य दारूत घालण्यावरून मोठा वाद झाला. छत्रपती संभाजीनगरजवळ (पूर्वीचे औरंगाबाद) शेंद्रा औद्योगिक वसाहतीत ‘रॅडिको एनव्ही’ ही आसवनी आहे. तिच्यात ३६ टक्के वाटा असलेली रॅडिको खेतान ‘मॅजिक मोमेंट्स’ व्होडकाची मालक.

या भागात खरी अडचण धान्याची नसून पाण्याची. शहराच्या उत्तरेला हर्सूलचा तलाव जुन्या वस्त्यांना पाणी पुरवतो, पण दुष्काळात तोही तळ गाठतो. कारखान्यांची भिस्त जायकवाडी धरणावर. २०१६ च्या उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्य कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला होता.