डाइव्ह कॉम्प्युटर कोणता घ्यायचा, आणि प्रत्येक डाइव्हची नोंद ठेवायची का?

मालवणला किंवा गोव्याला जाऊन एकदाच स्कूबा केलं असेल आणि त्याचा व्हिडिओ स्टेटसला टाकून झाला असेल, तर तुम्हाला डाइव्ह कॉम्प्युटरची गरज नाही. अशा डाइव्हमध्ये इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून असतो, खोली जेमतेम काही मीटर असते आणि वेळेचा सगळा हिशोब त्याच्याकडे असतो. हा लेख ज्यांचं तेवढ्यावर भागलं नाही त्यांच्यासाठी आहे. तुम्ही ओपन वॉटर कोर्स केला आहे किंवा करणार आहात, आणि आता डोक्यात प्रश्न आहेत: कॉम्प्युटर भाड्याचा की स्वतःचा? हातातलं स्मार्टवॉच चालेल का? आणि ते लॉगबुक खरंच भरायचं का?

माझं मत आधीच सांगते. मास्कनंतर विकत घ्यायची पुढची वस्तू कॅमेरा नाही, कॉम्प्युटर आहे. हे मत मला फुकट मिळालेलं नाही.

अंदमानात सलग तिसऱ्या दिवशी डाइव्ह करत होते. मनगटावर भाड्याचा कॉम्प्युटर होता. २४ मीटरवर असताना गाईडनं त्याचं मनगट पुढे केलं. त्याच्या स्क्रीनवर ९ मिनिटं शिल्लक, माझ्या स्क्रीनवर २४. दोघं एकाच वेळी उतरलेलो, एकाच खोलीवर पोहत होतो. माझा आकडा मोठा म्हणून मला आधी बरंच वाटलं. गाईडला वाटलं नाही. त्यानं अंगठा वर केला आणि आम्ही त्याच्या कॉम्प्युटरच्या हिशोबानं वर आलो. बोटीवर सेटिंग उघडून पाहिलं, तर ऑक्सिजन ३२ टक्के! आधी तो कॉम्प्युटर ज्याच्याकडे होता तो नायट्रॉक्स वापरत होता, आणि सेटिंग तसंच राहिलं होतं. माझ्या सिलिंडरमध्ये साधी हवा होती, म्हणजे २१ टक्के. कॉम्प्युटरला वाटत होतं माझ्या अंगात कमी नायट्रोजन जातोय, म्हणून तो मला जास्त मिनिटं देत होता. भाड्यानं देणाऱ्यांनी पाहायला हवं होतं हे खरं, पण पाण्यात शिरण्याआधी तो एक आकडा वाचायला पाच सेकंद लागतात आणि मी तो वाचला नव्हता.

हा कॉम्प्युटर मोजतो काय?

फक्त दोन गोष्टी: दाब आणि वेळ. समुद्रात दर १० मीटरला साधारण एक वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणून दाबावरून खोली कळते. (फोनमधला बॅरोमीटर उंची काढतो, तेच तत्त्व उलट्या दिशेनं.) दाबाखाली श्वास घेतला की नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो. जास्त विरघळला आणि आपण झपकन वर आलो, तर सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर जे होतं ते शरीरात होऊ शकतं. बुडबुडे. सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत काहीही. याला डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात.

जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये यावरची तक्ते-पद्धत मांडली. पुढे कित्येक दशकं पाणबुडे तक्ते बघूनच उतरायचे. पाडीच्या तक्त्यात १८ मीटरवरच्या पहिल्या डाइव्हला ५६ मिनिटं मिळतात. पण तक्ता असं धरून चालतो, की तुम्ही सगळा वेळ सर्वांत खोल जागीच होतात. प्रत्यक्षात पाच मिनिटं १८ वर आणि उरलेला वेळ १० मीटरवर कासव बघण्यात जातो. कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी खरी खोली घेऊन नव्यानं गणित करतो, त्यामुळे पाण्यात जास्त वेळ मिळतो. सुरक्षित राहून किती वेळ थांबता येईल ते तो दाखवतो. त्याला नो-डेको टाइम म्हणतात.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. हे यंत्र तुमच्या रक्तातलं काहीही मोजत नाही. रात्री झोप झाली का, पाणी पुरेसं प्यायलात का, वय काय, त्याला पत्ता नसतो. तो एका गणिती मॉडेलवर चालतो. झुरिकच्या अल्बर्ट ब्यूलमान यांचं मॉडेल आज बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये आहे. त्यात शरीराचे १६ काल्पनिक कप्पे धरलेले असतात. काही चार-पाच मिनिटांत अर्धे भरतात, तर सर्वांत संथ कप्प्याला ६३५ मिनिटं लागतात.

या संथ कप्प्यांमुळेच कॉम्प्युटर स्वतःचा असावा. सकाळच्या डाइव्हचा नायट्रोजन दुपारीही अंगात असतो आणि तो हिशोब ज्या कॉम्प्युटरच्या मेमरीत आहे, तोच दुपारी हातात हवा. मित्राबरोबर अदलाबदल केली, एकच कॉम्प्युटर दोघांत वापरला किंवा सेंटरनं दुसऱ्या दिवशी वेगळा दिला, की स्क्रीनवरचे आकडे दुसऱ्याच कुणाचे असतात. भाड्यानंच घ्यायचा असेल तर पूर्ण ट्रिपसाठी एकच घ्या, त्याच्या मागचा नंबर फोनमध्ये टिपून ठेवा आणि रोज ऑक्सिजनचं सेटिंग बघा.

स्मार्टवॉच चालेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. बहुतेक वेळा उत्तर नाही. घड्याळाच्या मागे ‘५ एटीएम’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ५० मीटर खोल डाइव्ह असा नाही. ती स्थिर दाबाखालची चाचणी असते, पोहण्यापुरती. आयपी६८ फोनचीही तीच गत: तो गोड्या, शांत पाण्यात तपासलेला असतो, समुद्रात नाही.

अपवाद आहेत. गार्मिनची डिसेंट मालिका मुळात डाइव्हिंगसाठीच बनलेली आहे. २०२२ मध्ये आलेलं ॲपल वॉच अल्ट्रा ‘ओशॅनिक प्लस’ या ॲपसह ४० मीटरपर्यंत चालतं, आणि हौशी डाइव्हिंगची मर्यादाही तेवढीच आहे. पण ते बाजारात आलं तेव्हा नो-डेकोचा हिशोब फुकट नव्हता, सबस्क्रिप्शन लागत होतं. घेण्याआधी हे तपासा. दिवसभर फोटो, कॉल, नोटिफिकेशन करून ३० टक्के बॅटरीवर पाण्यात उतरणं मला स्वतःला पटत नाही. कुठलंही यंत्र घ्या, खोली मोजण्यासाठीचं ईएन १३३१९ हे युरोपियन मानक ते पाळतं का, एवढं स्पेसिफिकेशनमध्ये शोधा.

मग बघायचं काय?

स्क्रीन. गंमत वाटेल, पण माझ्या यादीत ही पहिली. गढूळ पाण्यात, मास्कमधून, थोडं घाबरलेलं असताना खोली आणि शिल्लक मिनिटं एका नजरेत दिसली पाहिजेत. दुकानात पाठ करून ठेवलेला मेनू पाण्यात आठवत नाही. जाड मोठे अंक असलेला साधा काळा-पांढरा डिस्प्ले चालतो, रंगीत असेल तर छानच.

नायट्रॉक्स सेटिंग आजकाल जवळपास सगळ्यांत असतं. बॅटरी दोन प्रकारची: नाण्यासारखा सेल किंवा चार्जिंग. सेल स्वतःला बदलता येतो का ते विचारा, नाहीतर दर वेळी सर्व्हिस सेंटरला पाठवावं लागेल आणि ते आपल्या शहरात असेलच असं नाही. चार्जिंगवाला घेतलात तर बेटावर वीज आणि केबल दोन्ही हवं. वर येण्याचा वेग मिनिटाला ९-१० मीटरपेक्षा जास्त झाला की ओरडणारा आणि ५ मीटरवर ३ मिनिटांच्या सेफ्टी स्टॉपचं काउंटडाउन दाखवणारा असावा. हेही बहुतेकांत असतं.

ब्लूटूथ आहे का, हे मात्र नीट बघा. स्वस्तातल्या बऱ्याच कॉम्प्युटरना डेटा काढायला वेगळी केबल लागते, ती वेगळी विकत घ्यावी लागते, आणि मग कोणी डेटा काढतच नाही. सिलिंडरचा दाब वायरलेसनं दाखवणारी सोय सुरुवातीला नको. त्यासाठी होसला जोडलेला गेज आहे. थोडक्यात, मध्यम किमतीच्या अँड्रॉइड फोनएवढ्या पैशांत पुरेसा चांगला कॉम्प्युटर येतो आणि तो फोनपेक्षा जास्त वर्षं टिकतो.

घाट आणि विमान

डाइव्ह संपल्यावर कॉम्प्युटर विमानाचं छोटं चित्र दाखवतो. तेवढा वेळ उडायचं नाही. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची शिफारस अशी: एकच साधी डाइव्ह असेल तर निदान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस असतील तर निदान १८ तास. अंदमानातून सकाळची फ्लाइट असेल तर आदल्या दिवशी कोरडंच राहायचं.

आपल्याकडे विमानाइतकाच घाटाचा प्रश्न आहे, आणि तो कोणी विचारत नाही. ही शिफारस २,००० फुटांपासूनच्या केबिन उंचीला लागू होते. आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे, म्हणजे २,२०० फुटांच्या वर. गोव्याहून बेळगावला जाणारा चोर्ला घाट त्याहून उंच. दिवसभर खऱ्या, खोल डाइव्ह करून संध्याकाळी गाडी काढून घाट चढणं म्हणजे हळू चालणारं विमान पकडण्यासारखं आहे. एक रात्र खाली मुक्काम करा.

आता लॉग

कायद्यानं लॉग ठेवायची सक्ती नाही. पण नव्या ठिकाणी गेलात की सेंटर विचारतं, शेवटची डाइव्ह कधी, आतापर्यंत किती, किती खोल? पुढे पाडीचा डाइव्हमास्टर कोर्स सुरू करायला ४० आणि पूर्ण करायला ६० नोंदवलेल्या डाइव्ह लागतात. तेव्हा मागचं आठवून भरणारे मी पाहिलेत.

खोली-वेळेचा आलेख कॉम्प्युटर आपोआप ठेवतो. तो पुन्हा हातानं लिहिण्यात वेळ घालवू नका. त्याला जे कळत नाही ते लिहा. सूट किती मिलिमीटरचा, कमरेला शिसं किती किलो, आणि ते जास्त झालं की कमी. माझ्या लॉगमधली सर्वांत उपयोगाची ओळ हीच आहे. दर ट्रिपला पहिली डाइव्ह वजन जुळवण्यात जायची, ती आता जात नाही.

सुरुवातीचा आणि शेवटचा दाबही टिपा. समजा ११.१ लिटरचं सिलिंडर, १४० बार वापरले, ४५ मिनिटं, सरासरी खोली १२ मीटर. १४० गुणिले ११.१ म्हणजे १,५५४ लिटर. ४५ नं भागा, मग त्या खोलीच्या दाबानं म्हणजे २.२ नं भागा. मिनिटाला साधारण १६ लिटर हवा. सहा महिन्यांनी हा आकडा खाली आलेला दिसतो तेव्हा फार बरं वाटतं, आणि पुढच्या डाइव्हला हवा किती पुरेल याचा खरा अंदाजही येतो.

ॲप कुठलं? कंपनीचं ॲप चालेल, पण उद्या कॉम्प्युटर बदलला की जुना डेटा तिथेच अडकतो. मी सबसरफेस वापरते. ते फुकट आणि ओपन सोर्स आहे, अँड्रॉइड आणि आयफोनवरही मिळतं, अनेक कंपन्यांच्या कॉम्प्युटरमधून डेटा ओढतं. ते सुरू कोणी केलं माहितीये? लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सनं, २०११ मध्ये. त्याला स्वतःला डाइव्हिंगचा नाद, आणि लिनक्सवर धड लॉग सॉफ्टवेअर सापडेना. वर्षातून एकदा सगळा लॉग यूडीडीएफ फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून ड्राइव्हवर टाकून ठेवा.

आणि ट्रिपच्या आधी कॉम्प्युटर, कॅमेरा आणि फोन तिघांची घड्याळं जुळवा. सबसरफेस फोटोच्या वेळेवरून तो आलेखात बरोबर त्या मिनिटावर बसवतं. माझी पहिली वीस डाइव्हची घड्याळं जुळलेली नव्हती, त्यामुळे त्या लॉगमधलं एक कासव अजून बोटीवर, जेवणाच्या वेळी पोहतंय.